कोब्याखालची जमीन

११ मार्च

बाबा,

हे पत्र ऑफिसच्या कागदावर नाही, एवढं आधी बघून घ्या. तीन वर्षांनी लिहिते आहे आणि तेही एका बिलाबद्दल. दुसरं निमित्त सापडलं नाही.

या आठवड्यात तुमच्याकडे निळं पाकीट येईल. आत बिल आणि नकाशा. ही पाणीपट्टी नाही आणि घरपट्टीही नाही. पावसाच्या पाण्याचं हे शुल्क पालिकेने यंदा पहिल्यांदाच लावलं आहे. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पावसाचं बिल? मग उन्हाचं कधी पाठवताय, इंजिनीअरीणबाई?" मी तिला म्हटलं, पाऊस फुकटच आहे, पण तो जमिनीत जायचा थांबला की वाहून न्यायला नाले आणि नळ लागतात, त्यांचं हे बिल. ती म्हणाली, हे तू तुझ्या बापाला सांग. म्हणून सांगते.

आजपर्यंत पावसाळी गटारांना पैसा घरपट्टीतून मिळायचा. म्हणजे रस्ते, दिवे, शाळा, बागा या सगळ्यांचं भागल्यावर उरेल तो. उरायचा नाही. ज्या वर्षी पाणी घरांत शिरायचं त्या वर्षी गटारं उपसली जायची आणि पुढच्या वर्षी सगळे विसरायचे. शिवाय घरपट्टी घराच्या किमतीवर असते, आणि पाण्याला किमतीशी देणंघेणं नाही. पत्र्याचं गोदाम स्वस्तात उभं राहतं, पण एका सरीत अख्खी गल्ली बुडेल एवढं पाणी रस्त्यावर सोडतं. म्हणून आता किंमत बघायची नाही, कठीण जागा बघायची: छप्पर, कोबा, डांबर, फरशी, जिथे पाणी मुरत नाही ती. विमानातून शहराचे फोटो काढले आणि प्रत्येकाची कठीण जागा त्यावर आखून मोजली. साधारण एका घराची जेवढी निघते तेवढ्याला एक एकक धरलं. ज्याची जेवढी एककं तेवढं शुल्क. शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांनाही सूट नाही. हा पैसा वेगळ्या खात्यात जातो आणि गटारांखेरीज कशालाही वापरता येत नाही. ही व्यवस्था मला पटते. हे मी नोकरी म्हणून लिहीत नाही.

आपल्या, म्हणजे तुमच्या जागेला सात एककं आली आहेत. घराचं छप्पर आणि मागचं सगळं आवार धरून.

मोजणी आमच्या विभागात चौघांनी केली. कोणाला चूक वाटली तर हरकत घेता येते. अर्जावर मालकाची सही लागते. मुदत ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर आकडा पाच वर्षं बदलत नाही.

मी बरी आहे.


२६ मार्च

बाबा,

उत्तर येईल असं धरलं नव्हतं. तरी टपालपेटी दोनदा उघडून पाहते.

बिल पोचल्याचं आत्याकडून कळलं. तुम्ही पैशांचा आकडा पाहिलाच नाहीत, नकाशा घेऊन खिडकीपाशी गेलात आणि बराच वेळ उभे होतात, असं ती म्हणाली. मग थापी आणि ओळंबा ठेवता त्या खणात तो ठेवून दिलात. तिने हरकतीचं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "तिने मोजलंय. तिचं मोजलेलं चुकत नाही."

हे कोणत्या सुरात म्हणालात ते मी आत्याला तीनदा विचारलं. ती वैतागली. म्हणाली, त्याचा सूर तुला माहीत नाही का, सिमेंटच्या गोणीसारखा, कुठूनही धरा वजन तेवढंच.

पत्रात मी चौघांनी मोजणी केली असं लिहिलं होतं. बिलावर कोणाचंही नाव छापत नाहीत. मग 'तिने' कसं?

चार दिवस हे वाक्य डोक्यात फिरतं आहे. टोमणा असेल तर तो मला कळतो. नसेल तर काय करायचं ते कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या इमारतीभोवती तीन चकरा मारते. शेजारच्या टेबलावरची विचारते, वजन कमी करते आहेस का.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सभेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. आपल्या आवाराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शिवणवाल्या काकूंकडे कमरेएवढं पाणी शिरलं होतं. दोन मशीन गेली, गिऱ्हाइकांचे चाळीसेक कपडे गेले. पाणी कुठून आलं हे ठरवायला पालिकेने सभा बोलावली. तुम्ही म्हणालात रस्त्यावरून. माझ्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष होतं. आपल्या आवाराचा उतार शंभराला दोन आहे आणि तो काकूंच्या भिंतीकडे आहे, हे मला माहीत होतं. मला विचारलं, मी सांगितलं. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "माझ्या उताराचं कौतुक करायला एवढ्या लोकांत उभी राहिलीस?" त्यानंतर आजपर्यंत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

उतार बरोबर होता. तुम्हीच शिकवला होता. तुमच्या कोब्यावर पाणी एक मिनिट थांबत नाही, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. ते पुढे कुठे जातं, एवढंच कोणी विचारत नव्हतं.

हरकत घ्या असं मी म्हणत नाही. मोजणी बरोबर आहे. फक्त हक्क आहे, म्हणून कळवते.


४ एप्रिल

बाबा,

'तिने' कसं ते कळलं. आज तुमच्या जागेचा नकाशा संगणकावर पुन्हा उघडला आणि कळलं. तुम्हाला खिडकीपाशी उभ्याउभ्या कळलं होतं.

तुमची जागा मी आखली. घरच्या माणसांची जागा आम्ही मोजायची नाही असा नियम आहे. अशी जागा आली की बाजूच्या टेबलाला द्यायची. मी दिली नाही. दिवसाला दीडशे जागा आखत होते, तुमची समोर आली आणि हात थांबला नाही. थांबवला नाही, असं लिहायला हवं.

फोटोत घराच्या मागे हिरवं दिसतं. दुसऱ्या कोणीही ते सोडून दिलं असतं. पण मला माहीत आहे की खाली कोबा आहे. मी दहा वर्षांची असताना तुम्ही तो घातलात, मी पाण्याच्या नळीचं एक टोक धरून पातळी बघत होते. जुन्या कोब्यावर माती साचते आणि गवत उगवतं, वरून बघणारा फसतो. असं आम्हाला किती ठिकाणी सापडलं आहे. म्हणून हिरव्यावर विश्वास न ठेवता मी सगळं आवार कठीण म्हणून आखलं.

आणि टाकीजवळचा कोपरा सोडला. त्या दिवशी तिथे सिमेंट कमी पडलं होतं आणि तुम्ही चौकोनी खाच ठेवून 'उद्या पुरं करू' म्हणालात. कधी केलं नाहीत. ती खाच मी आखली आहे, बाबा. फोटोत तिथे काहीच दिसत नाही. सगळीकडे सारखंच हिरवं आहे. रेघ ओढताना मी फोटो बघतच नव्हते.

तरी माझं म्हणणं तेच आहे. नियम मोडला ही एक गोष्ट, मोजणी चुकली ही दुसरी. खाली कोबा आहे.

आहे ना? आत्याला विचारलं तर तिने विषय बदलला. ती विषय बदलत नाही, तुम्हाला माहीत आहे.


१३ एप्रिल

बाबा,

बुधवारी मी घरी आले होते. तुम्ही कामावर असाल अशी वेळ बघून आले. आत्याला सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे तिने संध्याकाळपर्यंत सांगितलं असेलच. तरी माझ्याकडूनही कळावं.

आत्या दारातच म्हणाली, "सात एककांची मालकीणबाई आली." पाणी दिलं आणि सरळ मागचं दार उघडलं.

कोबा नाही.

मी आधी टाचेने दाबून पाहिलं. मग आत्याची भाजी चिरायची सुरी घेतली आणि दहा ठिकाणी खुपसली. दहाही ठिकाणी मुठीपर्यंत गेली. आत्या म्हणाली, "ती सुरी आता तूच धू."

मग तिने सांगितलं. सभेनंतर मी घर सोडलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पहार काढलीत. कामावरून आलात की अंधार पडेपर्यंत तेवढंच. मजूर लावले नाहीत. कोणी विचारलं तर 'कोबा जुना झाला' म्हणायचात. तो जुना झालेला नव्हता, तुमचा कोबा पन्नास वर्षं हलत नाही. आत्या म्हणाली, तुमची पाठ धरली तेव्हा चार दिवस थांबलात आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. आठ महिने लागले. निघालेले तुकडे काकूंच्या भिंतीलगत लांब शोषखड्डा खणून त्यात भरलेत, वर जाळी टाकलीत आणि नांगरटीची माती आणून आवारात पसरलीत.

मला कोणी सांगितलं नाही. आत्या म्हणाली, त्याने शपथ घातली होती, आणि तू तरी तीन वर्षांत मागच्या दाराचं कधी विचारलंस?

आमच्याकडे जमीन तपासायचं लोखंडी कडं असतं. वीतभर उंच, जमिनीत चार बोटं ठोकायचं, पाणी भरायचं आणि किती वेळात मुरतं ते घड्याळावर बघायचं. मी ते पिशवीत घेऊन आले होते. तुमच्या जागेवर मी तपासणी करू शकत नाही, त्यामुळे त्या आकड्यांना किंमत नाही. तरी लिहिते. पहिल्यांदा चार मिनिटं, दुसऱ्यांदा सहा, तिसऱ्यांदाही सहा. चांगल्या बागेची जमीन एवढं पिते. आत्या बादलीवर बादली आणत होती आणि म्हणत होती, झाडं तहानेने मेली तरी चालतील, बाईंचं कडं भरलं पाहिजे.

आवाज ऐकून भिंतीपलीकडून काकूंनी डोकं वर काढलं. त्या मला बघून हसल्या, माझ्याच्याने हसवलं नाही. त्या म्हणाल्या, दोन पावसाळे झाले, उंबरा ओला झाला नाही. तुमच्याशी या विषयावर कधी बोलणं झालं का विचारलं, तर म्हणाल्या, "नाही गं. ते इकडे ठोकायचे, मी इकडे मशीन चालवायचे. बोलायचं काय?"

बाबा, तुमच्या जागेची दोन एककं होतात, सात नाही. शोषखड्ड्याची सवलत धरली तर दोनहूनही कमी. जे तुम्ही स्वतःच्या हातांनी फोडलंत त्याचंच बिल मी तुम्हाला पाठवलं आहे. आणि तुम्ही ते भरणार आहात, कारण माझं मोजलेलं चुकत नाही.

कृपा करून हरकतीच्या अर्जावर सही करा. अर्ज भरून आत्याकडे ठेवला आहे. फक्त सही हवी.


१९ एप्रिल

बाबा,

अर्ज तसाच आहे असं आत्या म्हणते. तुम्ही तो वाचलात आणि आरशाच्या मागे खोवलात. मी दुसरा रस्ता शोधला आहे. मालक हरकत घेत नसेल तरी मोजणाऱ्याने स्वतःची चूक लेखी कळवली तर जागा पुन्हा उघडता येते. नियमपुस्तिकेत अर्धी ओळ आहे. आजवर कोणी वापरलेली नाही, साहेबांना शोधावी लागली.

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी कागद कशाला करतेस, दोन मिनिटांचं काम आहे, आत जा, रेघ पुस आणि नवीन बिल काढ. त्यांचंही चूक नाही. सर्वांत मोठ्या गोदामाच्या मालकाने वकील लावला आहे आणि तो वकील सगळी मोजणी पाडायला एक चूक शोधतो आहे. न दिसणारी खाच आखलेला नकाशा त्याच्या हाती आयता मिळेल. मग हे शुल्क गेलं, वेगळं खातं गेलं, गटारं पुन्हा उरल्यासुरल्यावर. त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या पाच एककांसाठी अख्खं शहर बुडवायचंय का?"

मी खुर्चीवरून उठून पुन्हा बसले, एवढं मला आठवतं. गुपचूप रेघ पुसणं म्हणजे जे केलं तेच पुन्हा करणं, असं मी म्हटलं. आणि तुम्हाला कारण न देता कमी झालेलं बिल आलं असतं तर तुम्ही ते मेहरबानी समजून परत पाठवलं असतं. हे साहेबांना सांगितलं नाही.

कागद दिला. आवक क्रमांक मिळाला आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांच्या जागा आता दुसऱ्यांकडून तपासल्या जातील. सहकारी माझ्याशी जपून बोलतात.

तुमच्याकडे मोजणीला आमच्यातले सर्वांत जुने अभियंता येतील. सपाटी बघायच्या तुमच्या अवजारावरून आम्ही त्यांना पाणसळ म्हणतो, कारण ते कोणाच्याही बाजूला झुकत नाहीत. तुम्हाला आवडतील. त्यांच्याशी तरी बोला.


२९ एप्रिल

बाबा,

पाणसळकाकांचा अहवाल आज फाइलला लागला. मला तो बघायचा अधिकार नाही. त्यांनी तो माझ्या टेबलावर उघडा ठेवला आणि चहा प्यायला गेले.

मागच्या आवारातली जमीन पाणी मुरवणारी, असं त्यांनी लिहिलं आहे. कडं सहा ठिकाणी ठोकलं. शोषखड्डा चालू स्थितीत. त्याखाली एक ओळ आहे: 'फाटकालगत मातीखाली सुमारे दोन फूट रुंद कोब्याची पट्टी आढळली. ती वरून दिसत नव्हती. मालकाने स्वतः फावड्याने माती ओढून दाखवली व मोजणीत धरण्याचा आग्रह केला.'

ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की काका परत आले तरी वाचतच होते. ते म्हणाले, "मी ती सोडून देत होतो. तुझे वडील म्हणाले, आहे ते आहे, लिहा."

दोन एककं झाली. उद्या मुदत संपायच्या आत आदेश निघेल.

वकिलाने फाइल मागवली आहे. साहेब म्हणतात, चूक आम्हीच शोधून आम्हीच लिहिली, त्यामुळे तिला धार राहिली नाही. पण मला नकाशांवरून काढलं आहे. पहिल्या तारखेपासून तक्रारींच्या खिडकीवर बसेन. शिक्षा योग्य आहे.

आता मीही माती ओढते. मार्चमध्ये लिहिलं होतं, 'मला विचारलं, मी सांगितलं.' मला कोणी विचारलं नव्हतं. सभा घेणाऱ्यांना माहीत नव्हतं की मी तुमची मुलगी आहे आणि मला उतार माहीत आहे. मीच हात वर केला. आकडा खरा होता, पण तो मला तीन दिवस आधीपासून माहीत होता. काकूंच्या घरातलं पाणी उपसून आपण दोघं घरी आलो, जेवायला समोरासमोर बसलो, तेव्हाही माहीत होता. मी तुम्हाला तिथे सांगू शकले असते. तुम्ही चिडला असतात, मग उठून आवारात जाऊन बघितलं असतंत, आणि सभेत कदाचित स्वतःच उठला असतात. ती संधी मी तुम्हाला दिली नाही. शंभर लोकांसमोर बरोबर ठरायचं होतं मला.

हे तीन वर्षं कोणालाही सांगितलं नाही. लिहून झाल्यावर हलकं वगैरे वाटत नाही. फक्त आता नोंद पूर्ण आहे.


१७ मे

बाबा,

काल तुम्ही आलात तेव्हा मी वर न बघता 'बोला' म्हटलं. सकाळपासून त्रेसष्ट जणांना तसंच म्हटलं होतं. तुमचं टोकन चौसष्टावं.

तुम्ही नवं बिल काचेखालून सरकवलंत. नखात सिमेंट होतं. म्हणालात, शोषखड्ड्याची खोली चार फूट लिहिली आहे, पाच आहे.

खोली एका फुटाने वाढली तरी सवलत तेवढीच राहते. बिलाच्या मागे ठळक छापलेलं आहे आणि तुम्ही छापलेलं सगळं वाचता. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर तोंडातून सवयीने निघून गेलं की फेरमोजणीचा अर्ज द्यावा लागेल.

"अर्ज कशाला? तू ये."

मी सांगितलं की मला येता येणार नाही, नात्यातली जागा आहे, माझी मोजणी चालत नाही. हे सांगताना आवाज नीट ठेवला होता. तुमच्या मागची बाई टोकन हातात धरून पुढे वाकली होती. तुम्ही बिलाची घडी घातलीत, खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "ऑफिसला चालत नसेल. मला चालते."

मी पुढचं टोकन पुकारलं. रांगेत अजून अकरा जण होते. म्हणून उत्तर इथे देते. रविवारी सकाळी दहाला येते. खड्ड्यावरची जाळी आधी काढून ठेवू नका, जड असेल. दोघं मिळून काढू.